तिसरी बाजू पंधरा मीटरांनी वाढली, जमीन दीड गुंठ्याने घटली

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतलं हे प्रकरण. दोन्ही घरांना विचारून लिहितो आहे. वाडीचं आणि माणसांची नावं वगळली आहेत, आणि ओळख पटू नये म्हणून लांब्या पूर्ण आकड्यांत आणल्या आहेत. कोपऱ्याचा कोन मात्र होता तोच ठेवला आहे, कारण सगळी गोष्ट त्या कोपऱ्याचीच आहे. मी दहावीला गणित शिकवतो. व्यवहाराशी माझा संबंध एवढाच, की वाद पेटल्यावर दोन्ही बाजूंनी मला बोलावलं.

पार्श्वभूमी

ठाण्याला नोकरी करणारे एक गृहस्थ, इथे त्यांना दादा म्हणू, गावी हापूसची कलमं लावायला जमीन शोधत होते. थोरले चुलतभाऊ अण्णा गावातच राहतात. त्यांच्या मोठ्या जमिनीचा सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेचा त्रिकोणी तुकडा दादांना द्यायचं ठरलं. तुकड्याची एक बाजू डांबरी रस्त्याला लागून, ८० मीटर. दुसरी बाजू म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीवरचा जुना गडगा, रचलेल्या दगडांचा बांध. तो रस्त्यापासून खाली पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरतो, ६० मीटर. तिसरी बाजू पऱ्याच्या अलीकडून, करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळीतून. तिच्या पलीकडची जमीन अण्णांचीच राहणार होती.

पहिल्या दोन बाजू टेपने मोजल्या. मोजायला अण्णांचा पुतण्या आणि दादा होते. अण्णांचे गुडघे दुखतात, ते रस्त्यावरच थांबले. गडग्याच्या खालच्या टोकाला पुतण्याने हद्दीचा दगड रोवला. तिसऱ्या बाजूला जाळी एवढी दाट की आत टेप ओढणं शक्य नव्हतं.

मग पडवीत बसून दादांनी फोनवर हिशेब केला. ६० चा वर्ग ३६००, ८० चा वर्ग ६४००, बेरीज १०,०००, वर्गमूळ १००. तिसरी बाजू १०० मीटर. क्षेत्रफळ ८० गुणिले ६० भागिले दोन, म्हणजे २४०० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, तेव्हा पावणेचोवीस गुंठे. दर गुंठ्यावर ठरला होता. साठेकरार झाला, विसार दिला. खरेदीखत मोजणीनंतर करायचं ठरलं, आणि पुढे हीच गोष्ट दोघांच्या पथ्यावर पडली.

माझ्या मते इथे आकड्यांनीच घात केला. बाजू ६१ आणि ७८ असत्या तर वर्गमूळ वेडंवाकडं आलं असतं, आणि दादांनी कदाचित एकदा तरी जागेकडे वळून पाहिलं असतं. साठ, ऐंशी, शंभर हे त्रिकुट शाळेपासून डोक्यात बसलेलं. उत्तर इतकं स्वच्छ निघालं की ते बरोबर आहे का हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. रस्त्यावर उभं राहिलं तर गडगा सरळ खाली उतरल्यासारखा वाटतो, कारण चार पावलांपुढे झाडीच दिसते.

अडचण कशी पुढे आली

तिसऱ्या बाजूला दादांनी जांभ्या चिऱ्याचं कुंपण घ्यायचं ठरवलं, चार फूट उंच, शंभर मीटरांच्या हिशेबाने. गवंड्याने रस्त्याच्या टोकाकडून काम सुरू केलं. पुढे गडी जाळी साफ करत आणि मागून थर चढत. चिरे संपले तेव्हा हद्दीच्या दगडापर्यंत सुमारे पंधरा मीटर बाकी होते. चौदा इंच लांब आणि सात इंच उंच चिरा धरला तर तेवढ्या तुकड्याला सात थरांत तीनशेच्या आसपास चिरे लागतात. ही काही दोन-चार चिऱ्यांची तूट नव्हती.

पहिला आळ चिरे टाकणाऱ्या ट्रकवाल्यावर आला. बांधलेल्या भिंतीतले चिरे मोजले, तर त्याने बिलाप्रमाणे माल टाकला होता.

मग उतारावर बोट गेलं. उतारावर भिंत लांब होते, हे खरंच आहे. रस्त्याचं टोक आणि खालचा दगड यांच्या उंचीत साधारण आठ मीटरांचा फरक होता. इथे पायथागोरस हक्काने लावता येतो, कारण आडवं अंतर आणि ओळंब्याची रेघ एकमेकांना काटकोनातच असतात. आडवं अंतर १०० धरलं तर उतारावरची लांबी १००.३२ मीटर होते. उताराने वाढवलं ते जेमतेम एक फूट. पंधरा मीटर वाढायचे तर सत्तावन्न मीटर खोल दरी हवी.

तिसरा आळ माणसावर आला आणि तिथे प्रकरण चिघळलं. अण्णांचं म्हणणं सरळ होतं: हिशेबाने बाजू शंभर, जागेवर एकशेपंधरा, म्हणजे खालचा दगड कुणीतरी सरकवला. “दगडाक पाय फुटत नाय,” असं ते दादांच्या तोंडावर म्हणाले. पंधरा मीटर जादा गेले, त्याचे जादा पैसे द्या, अशी त्यांची मागणी. पुतण्या मधल्यामध्ये सापडला, कारण दगड त्याने रोवला होता. कोकणात गडगा सरकवल्याचा आरोप साधा नसतो. दोन पिढ्या बोलणं बंद पडायला तो पुरतो.

आरोपाचा पाया काय होता? फोनवर काढलेला एक आकडा. जागेवरची लांबी त्या आकड्याशी जुळली नाही, तेव्हा सगळ्यांनी संशय जागेवर घेतला, आकड्यावर घेतला नाही.

समोर असलेले पर्याय

दादांना वाद नको होता. वर्षातून दोनदा गावी यायचं, गणपतीत एकाच देवघरात बसायचं, तिथे पंधरा मीटरांवरून तोंड कशाला फिरवायचं? “किती होतात ते सांगा अण्णा, मी देतो,” असं ते म्हणूनही गेले होते. वरवर पाहता हा समजुतीचा मार्ग. प्रत्यक्षात तो सगळ्यात महाग पडला असता, कारण न मिळालेल्या जमिनीचे पैसे ते आधीच देऊ करून बसले होते आणि त्यावर आणखी देणार होते.

अण्णांच्या मुलाने सुचवलं की दगड वर घ्या, शंभर मीटर भरतील तिथे. यात मोडतोड नव्हती, चिरेही आणावे लागले नसते. पण दगड गडग्याच्या टोकाला होता. तो वर घेतला की ६० मीटरांची बाजू तुटते आणि कराराचं मापच बदलतं.

फोनवरच्या नकाशात तीन कोपऱ्यांवर बोट टेकवून क्षेत्रफळ काढायचं, हा पुतण्याचा पर्याय. मी तो नको म्हटलं. मोकळ्या आभाळाखालीही साध्या फोनने दाखवलेली जागा पाचेक मीटर इकडेतिकडे असू शकते. झाडीत त्याहून जास्त. या त्रिकोणाची रस्त्यापासून खालच्या दगडापर्यंतची सरळ उंची साठ मीटरांच्या आतली, त्यात पाच मीटरांचा फरक म्हणजे क्षेत्रफळात आठ-नऊ टक्क्यांचा घोळ. शोधायचा होता तो फरकच सहा टक्क्यांचा निघाला.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिश्शाची मोजणी खरेदीखतासाठी लागणारच होती. पण अर्ज, फी आणि तारीख हे सगळं होईपर्यंत पावसाळा उलटला असता. तोपर्यंत वाडीभर चर्चा झाली असती, आणि पुतण्याचं नाव खराब झालं असतं ते वेगळंच.

उरला जागेवर टेप लावण्याचा पर्याय. सरकारी मोजणीआधी तो करायचा असं ठरलं. आधी घरातला संशय मिटवायचा, मग कागद. हा क्रम मला अजूनही बरोबर वाटतो.

प्रत्यक्ष काय केलं

सर्वांत आधी गडगा पुन्हा मोजला. हे पहिलं करायचं कारण अण्णांचा आरोप गणितात उतरवता येत होता. रस्ता आणि गडगा यांत काटकोन आहे आणि तिसरी बाजू ११५ भरते आहे, दोन्ही खरं मानलं तर गडग्याची बाजू ८३ मीटर हवी. म्हणजे दगड तब्बल तेवीस मीटर खाली, पऱ्याच्या पार पलीकडे गेलेला असायला हवा. टेप प्रत्येक टप्प्यावर आडवी धरून, ओळंबा सोडून मोजलं. ६० मीटर आले. दगड जागचा हलला नव्हता. पुतण्याने तिथेच गडग्यावर बसकण मारली.

दगड जागेवर, रस्ता जागेवर, तिसरी बाजू तरीही लांब. मग चुकीची असायला एकच गोष्ट उरली, रस्ता आणि गडगा मिळतात तो वरचा कोपरा.

कोपरा तपासायला गवंड्याचाच रिवाज पुरे. एका बाजूवर तीन, दुसरीवर चार, आणि मधलं अंतर पाच आलं तर कोपरा काटकोनात. आम्ही मापं दुप्पट घेतली, कारण जितकं मोठं माप तितकी हाताची चूक कमी जाणवते. रस्त्याच्या कडेने ८ मीटर, गडग्याच्या कडेने ६ मीटर. कातळात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून चुन्याने फुल्या काढल्या. सड्यावर वारा भरपूर, टेप धनुष्यासारखी फुगते. दोघांनी ओढून धरली, तिसऱ्याने मधे हात लावून सरळ केली. काटकोन असता तर १० मीटर आले असते. आले ११ मीटर ५२ सेंटिमीटर. पुन्हा ओढली, ११ मीटर ५३.

यापुढे वहीची गरज नव्हती. हा छोटा त्रिकोण आणि अख्खी जमीन यांचा कोपरा एकच, बाजू बरोबर एकास दहा. समरूप त्रिकोण. ११ मीटर साडेबावन्न सेंटिमीटरची दहापट म्हणजे ११५ मीटर आणि पाव. कोपऱ्याचा कोन होता ११० अंश.

गवंडी शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “पैल्याच दिवशी मी बोललय, ह्यो कोपरो उघडो आसा म्हणान.” खरंच बोलला होता. कुंपणाची जोडणी बघायला त्याने वरच्या कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावला, तेव्हा गुण्या आणि गडगा यांच्यात हातभर फट राहिली होती. दादांनी तेव्हा “असू दे, तू दोरी लाव” म्हणून विषय मिटवला होता.

नियम कुठे मोडतो आणि कसा दुरुस्त होतो

दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे तिसऱ्या बाजूचा वर्ग, हे फक्त त्या दोन बाजूंमधला कोन काटकोन असेल तरच खरं. कोन उघडत गेला की तिसऱ्या बाजूचा वर्ग बेरजेपेक्षा मोठा होतो, मिटत गेला की लहान. किती मोठा, किती लहान, हेही ठरलेलं आहे. युक्लिडच्या दुसऱ्या खंडात बारावं विधान विशालकोनाचं आणि तेरावं लघुकोनाचं. आपल्या दहावीच्या पुस्तकात पायथागोरसच्या प्रकरणातच हे दोन्ही उपयोजन म्हणून येतं. मुलं प्रमेय पाठ करतात आणि हा भाग घाईत उलटतात, हा माझा वर्गातला अनुभव.

जमिनीवर तो असा बसतो. वरचा कोपरा अ, रस्त्याचं दुसरं टोक ब, खालचा दगड क. रस्त्याची रेघ अ च्या मागे, तुकड्याच्या बाहेर वाढवायची आणि क पासून तिच्यावर लंब टाकायचा. तो जिथे पडतो तो ड. इथे अड आलं २०.५२ मीटर आणि लंब कड आला ५६.३८ मीटर. आता बडक हा खरा काटकोन त्रिकोण. त्याचा पाया ८० अधिक २०.५२, उंची ५६.३८. यातून

बक² = ८०² + ६०² + २ × ८० × २०.५२ = १३,२८३

म्हणजे बक ११५.२५ मीटर. छोट्या त्रिकोणाने दिलेलंच उत्तर. दादांच्या हिशेबात शेवटचं पद नव्हतं. काटकोनात लंब अ वरच पडतो, अड शून्य होतं, आणि ते पद आपोआप गळतं. कोन मिटलेला, म्हणजे ७० अंशाचा असता तर तेच पद वजा झालं असतं आणि तिसरी बाजू जेमतेम ८२ मीटर भरली असती. मग चिरे उरले असते, आणि संशय बहुधा दादांनी अण्णांवर घेतला असता.

आता क्षेत्रफळ. पाया ८०, पण उंची ६० नव्हे, ५६.३८. अर्धा गुणाकार २२५५ चौरस मीटर. ६०, ८० आणि ११५.२५ या तीन बाजू आठवीच्या हीरोच्या सूत्रात घातल्या तरी तेच. पावणेचोवीस गुंठे नव्हे, सव्वाबावीस.

अण्णांना हे पटायला वेळ लागला आणि मला त्यात नवल वाटलं नाही. बाजू वाढली आणि जमीन कमी झाली, हे कानाला उलटंच वाटतं. मी दारातल्या दोन काठ्या घेतल्या, टोकं जुळवली आणि उघडत नेल्या. काटकोनापर्यंत मधली जागा वाढते. त्यापुढे टोकं लांब जातात पण काठी जमिनीला टेकत जाते, उंची घटते, आणि पूर्ण उघडल्यावर जागाच उरत नाही. दोन बाजू ठरलेल्या असतील तर काटकोनातच जमीन सगळ्यात जास्त भरते. म्हणजे दादांनी धरलेलं २४०० हे त्या दोन बाजूंमधून निघू शकणारं कमाल क्षेत्र होतं. चूक कुठल्याही दिशेला असती, कोन उघडा असो की मिटलेला, भुर्दंड विकत घेणाऱ्यालाच बसला असता.

इथे मोजणी खात्याच्या जुन्या पद्धतीचं कौतुक करावंसं वाटतं. जुन्या टिपणांत शेताच्या आतून एक पायारेषा टाकलेली दिसते आणि प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि गुणाकार बुकात त्याच लंबांचे गुणाकार. शेताचा कोपरा काटकोन असेल अशी आशा कुणी धरली नाही. काटकोन आधी स्वतः पाडून घ्यायचा, मगच गुणाकार.

निष्पत्ती

दगड सरकवल्याचा आरोप त्याच दिवशी मागे घेतला गेला. अण्णा पुतण्याला थेट काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्याला आपल्या पंगतीला बसवलं. जादा पैशांची मागणी अर्थातच संपली.

उलटा प्रश्न मात्र उभा राहिला. दीड गुंठ्याचे पैसे कमी होणार होते, आणि अण्णांनी पावणेचोवीस गुंठ्यांच्या हिशेबाने पुढची तजवीज केली होती. दोन दिवस ते व्यवहार मोडायच्या गोष्टी करत होते. शेवटी दर तोच ठेवून मोजणीत भरेल तेवढ्याचे पैसे, असं ठरलं. मोजणीची फी आणि कमी पडलेल्या चिऱ्यांचा खर्च दादांनी सोसला. पावसाळ्यानंतर सरकारी मोजणी झाली. तिचा आकडा आमच्या आकड्यापासून काही चौरस मीटरच दूर होता, आणि खरेदीखत त्यावरच झालं.

कलमांचा हिशेबही बदलला. दहा बाय दहा मीटरवर दादांनी चोवीस कलमं सांगितली होती. दोन टोकांचे कोन तीस आणि चाळीस अंशांच्या आसपासचे, तिथे झाड लावलं तर अर्धी सावली शेजारी. एकोणीस बसली. उरलेल्यांचे पैसे रोपवाटिकेने परत दिले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

करारात क्षेत्र ठोक आकड्याने न लिहिता “मोजणीत भरेल ते” असं लिहिलं असतं तर पैशांचा वाद उठलाच नसता. दर गुंठ्यावर असताना क्षेत्र आधीच पक्कं लिहायची गरज नव्हती.

चिरे कमी पडले त्या दिवशी आधी माणसांना प्रश्न विचारले गेले, हिशेबाला शेवटी. ट्रकवाला, उतार, पुतण्या, आणि मग कोपरा. क्रम उलटा हवा होता. कोपरा तपासायला टेप, चुना आणि तीन माणसं लागतात आणि काम चहा उकळेपर्यंत होतं. ट्रकवाल्याशी दादांची जी बाचाबाची झाली ती अजून मिटलेली नाही, आणि त्याची यात काडीचीही चूक नव्हती.

गवंड्याचं बोलणं का वाया गेलं, यावर मी दादांशी बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, तो कुंपणाच्या जोडणीबद्दल बोलतोय असं वाटलं. तसंच वाटलं असेल. गवंड्याला तिसरी बाजू कशी काढली हे माहीत नव्हतं, दादांना गुण्याची फट म्हणजे काय हे माहीत नव्हतं. दोरी लावायच्या आधी “ही बाजू शंभर धरली आहे” एवढं त्याला सांगितलं असतं, तर त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवून तिथेच थांबवलं असतं.

ज्याला सरकारी मोजणीआधी अंदाज हवा आहे, त्याने दोन्ही बाजूंवर एकाच प्रमाणात मापं घ्यावीत, इथे ६ आणि ८ घेतली तशी, आणि मधलं अंतर दोनदा मोजावं. दहापट करताना एका सेंटिमीटरची चूक दहा सेंटिमीटर होते. कुंपणाला ती चालते, खरेदीखताला चालत नाही. गडगा वाकडा असेल तर त्याच्या दगडांना टेप चिकटवू नये. दोन्ही टोकांना दोरी बांधून तिच्यावरून मोजावं. उतारावर टेप आडवी, सोबत ओळंबा. आणि पावसाआधीच, कारण एकदा सडा हिरवा झाला की चुन्याच्या फुल्या टिकत नाहीत.